गोऱ्याची शीव

चिंचेखाली हे पाच दगड दिसतात ना, एक मधे आणि चार चहूबाजूंना, त्यांवर पाय देऊ नका. गोऱ्याची शीव म्हणतात याला. सर्वपित्रीला गावातली पाच घरं आपापल्या दगडावर पाणी घालतात आणि प्रत्येक घर विलायतेतल्या एका गावाचं नाव मोठ्याने घेतं. ती गावं आमच्यापैकी कुणीही पाहिलेली नाहीत.

फार मागे, मोजणीचा एक गोरा साहेब वरच्या डोंगरावर तापाने पडला. डोलीत घालून त्याला आमच्या चिमाबाई मेंगाळच्या ओट्यावर आणलं. जन्मभर दुसऱ्यांच्या शिवा मोजलेला माणूस शेवटी स्वतःचं गाव सांगू लागला, असं सांगतात. अंगणात या चिंचेखाली मधे एक दगड ठेवला आणि म्हणाला, विदरबी. मग चार बाजूंना शेजारची चार गावं. जमलेल्यांकडून त्याने एकेक नाव घोकून घेतलं. चिमाबाईने वाघोबाच्या पाषाणावर हात ठेवला. "तुझं माणूस हुडकत आलं, तर त्याला तुझं गाव घावल." पाच नावं एका घराला जड, म्हणून पाच घरांनी वाटून घेतली. सासूने सुनेला शिकवायची, बाहेर बोलायची नाहीत. साहेबाला इथेच पुरलं.

पुढे त्याची नात आली म्हणे, तीही केस पिकल्यावर. आजोबांची मूठभर माती त्यांच्या आईच्या कबरीपाशी न्यायची, एवढी एकच आस. पण विदरबी नावाच्या पॅरिश, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दी, दोन निघाल्या. त्यातली एक शेजारच्या हद्दीत मिसळून नकाशातूनच गेलेली. चुकीच्या विदरबीत जाऊन बाई परक्याच कबरीवर फुलं वाहून आली होती.

चिमाबाई तर केव्हाच गेलेली. चार घरांनी आपली नावं सांगितली, पण तसल्या नावांची गावं दोन्ही विदरबींच्या आसपास होती, त्यामुळे बाईला दोहोंतली आपली कुठली ते ठरवता येईना. पाचवं नाव लोहकऱ्यांकडे. त्यांचं आणि आम्हा मेंगाळांचं पाटाच्या पाण्यावरून हाडवैर. भागा लोहकरेने तर मेंगाळांच्या अंगणात पाऊल टाकणार नाही अशी आण घेतलेली. बाईला रित्या हाताने परत जावं लागणार, असंच सगळ्यांना वाटलं.

भागा आला. कुणाकडे बघितलं नाही. दगडाशी उभा राहून म्हणाला, "हॅसलडीन. शबुद वाघोबाला दिलाय, मेंगाळांना न्हाई."

बाईने नकाशावर हॅसलडीन शोधलं आणि त्याच्या बाजूच्या कोऱ्या जागेवर बोट टेकवून ती ढसाढसा रडली. तेव्हापासून नावं मोठ्याने घेतात. केवढा माणूस हा भागा! मी मेंगाळ असून सांगतो.

आजही आमच्यात आणि लोहकऱ्यांत बोलणं नाही. मधे त्यांची म्हातारी अचानक गेली, नव्या सुनेला नाव शिकवायचं राहूनच गेलं. तेव्हा माझी आई उठली, त्यांच्या घरी गेली आणि चुलीपाशी बसून त्या पोरीकडून ते पाठ करून घेतलं. पाटाच्या पाण्याचं भांडण चालूच आहे.