बंगळूर की नाशिक

“मग तुम्हीच सांगा ना बाई, बंगळूर की नाशिक?”

एस्तेरबाई सातपुते टेबलावरचा आरसा पुसत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

मिरजेतल्या त्यांच्या घराची पुढची खोली हाच त्यांचा दवाखाना. अर्धांगाच्या झटक्यानं वाचा गेलेली माणसं तिथं पुन्हा बोलायला शिकायला येत. बाईंनी अनेक वर्षं कॉलेजात स्पीच थेरपी शिकवली होती. निवृत्त झाल्या तरी पेशंट सुटले नव्हते, आणि विद्यार्थीही.

श्रेयांका मगदूम त्यांच्या शेवटच्या तुकडीतली. विद्यापीठात पहिली आलेली. एम.एस्सी.साठी दोन्ही ठिकाणी तिचं नाव लागलं होतं. आज संध्याकाळी पाचच्या आत एक जागा पक्की करायची होती, दुसरी सोडायची होती.

“पप्पा म्हणतात नाशिक, आत्या आहे तिथं. दादा म्हणतो बंगळूर, नाव मोठं आहे. सीनियर म्हणतात नाशिकच घे, पहिल्या दिवसापासून मराठी पेशंट मिळतील. सगळे सांगतात. तुम्ही तेवढ्या सांगत नाही.”

“...”

“चार वर्षं तुमच्या हाताखाली घासले, बाई. पहिली आले ती बाईंमुळं, असं सगळ्यांना सांगते. आणि तुम्हाला एक शब्द जड झालाय?”

बाहेर रिक्षा थांबली.

“पेशंट आलेत,” बाई म्हणाल्या. “बस तिथं.”

श्रेयांका बसली. पण खुर्ची ओढताना तिनं मुद्दाम आवाज केला.

आत आले ते शिवगोंडा बिरनाळे. सांगलीच्या बाजारात हळदीचे सौदे पुकारायचे. सगळा बाजार त्यांना अण्णा म्हणायचा. संक्रांतीच्या सुमारास झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली ती गेलीच. बाईंकडं ते आज पहिल्यांदा येत होते. त्यांना धरून आणणाऱ्या त्यांच्या पत्नी सुमतीअक्का अण्णा खुर्चीत टेकायच्या आधीच बोलायला लागल्या होत्या.

“सगळं कळतंय बघा त्यांना, डॉक्टरांनी सांगितलंय डोकं शाबूत हाय म्हणून, फक्त शब्द निघत न्हाई, आणि जो निघतो तो अर्धाच निघतो, आम्ही रोज सराव घेतोय, मी घेते, सून घेते, शेजारचे येतात ते घेतात...”

अण्णांनी डावा हात उचलला. तळवा खाली करून हवेत दोनदा दाबला.

“ह... हळ...”

“बघा!” अक्का म्हणाल्या. “हेच. दिवसभर हेच. हळद म्हणायचंय त्यांना. जल्म गेला हळदीत. आणि हात बघा कसा फिरवतात, पोत्यावर फिरवल्यागत!” त्यांनी पदराची गाठ सोडली. आतून एक हळकुंड काढलं आणि अण्णांच्या तळहातावर ठेवलं. “ही घ्या. हळद. म्हणा, हळद.”

अण्णांनी मान हलवली. आडवी.

“ह... हळ...”

श्रेयांका पुढं सरकली. हे तिला येत होतं. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी मान डोलावली होती ते हेच. ती अण्णांच्या समोर वाकली. ओठ नीट दिसतील अशी.

“अण्णा, माझ्याकडं बघा. पिवळी असते. भाजीत घालतो. सौद्यात विकतो. हळ... हळ... द. म्हणा. हळ...”

“न्... ह...”

“नाही? बरं. मग हात? हात दुखतोय? हवा पाहिजे? पंखा वाढवू? हॉस्पिटलला जायचं नाही, असं म्हणताय?”

अण्णांचा चेहरा लाल झाला. हळकुंड त्यांनी मुठीत आवळलं आणि भिंतीवर भिरकावलं.

“च्यायला!”

शब्द खणखणीत आला. पूर्ण आला. सुमतीअक्का दचकल्या.

श्रेयांकानं टाळी वाजवली.

“बाई, बघा! शब्द आला! शिव्या मेंदूतून वेगळ्या वाटेनं येतात म्हणून तुम्हीच शिकवलं होतंत ना, हे बघा...”

“श्रेयांका.”

बाईंचा आवाज मोठा नव्हता. पण चार वर्षांत तो असा तिनं कधी ऐकला नव्हता.

“तो शब्द तुझ्यासाठी होता.”

...

“मागं हो. भिंतीला टेकून उभी राहा. तोंड उघडायचं नाही.”

श्रेयांकाचे कान तापले. परक्या माणसांसमोर! तिनं केलं ते सगळं पुस्तकाप्रमाणं होतं. पहिला आवाज द्यायचा, अर्थाचा धागा द्यायचा, शब्द ओढून काढायचा. याच बाईंनी फळ्यावर लिहून दिलं होतं. ती भिंतीकडं गेली, पण मनातल्या मनात भांडतच गेली.

बाईंनी खुर्ची अण्णांच्या शेजारी घेतली. समोर नाही, शेजारी. हात मांडीवर ठेवले.

“अण्णा,” त्या म्हणाल्या. मग थांबल्या. मग म्हणाल्या, “मला... घाई नाही.”

आणि गप्प बसल्या.

पंखा फिरत होता. अण्णांचे ओठ हलले, थांबले. सुमतीअक्कांनी तोंड उघडलं. बाईंनी न बघताच बोट वर केलं. अक्कांनी पदर तोंडात धरला.

अण्णांच्या कपाळाला घाम आला. बाईंनी तो पुसला नाही.

श्रेयांकाला ते बघवेना. शब्द त्या माणसाच्या ओठाशी येत होता आणि परत जात होता, आणि ही बाई नुसती बसली होती! एक धक्का दिला असता तर... तिनं श्वास घेतला. बाईंनी तिच्याकडं नुसतं पाहिलं. तिनं श्वास सोडला.

“ह...” अण्णा म्हणाले. “हळ...”

...

“हळ... ळू.”

डावा तळवा पुन्हा खाली झाला. हवेत दाबला.

“हळू,” अण्णा म्हणाले. “हळू... बोल.”



मग सुमतीअक्कांच्या तोंडातून पदर सुटला. त्या काहीतरी म्हणायला गेल्या, थांबल्या, आणि एकेक शब्द वेगळा करून म्हणाल्या, “संक्रांतीपासनं... मी... यांच्या हातात... हळद देतेय.”

अण्णांनी डोळे मिटले. त्यांचा डावा हात चाचपडत अक्कांच्या हातापर्यंत गेला आणि तिथंच राहिला.

पुढचा वेळ बाईंनी अक्कांना शिकवण्यात घालवला. एक वाक्य बोलायचं, मग थांबायचं. एका वेळी एकच माणूस बोलेल. तो अडला तर त्याच्याकडं बघायचं, शब्द पुरवायचा नाही. “आणि कधी पुरवायचा?” अक्कांनी विचारलं. “त्यांनी मागितला तर. ते मागतील. तुम्हाला कळेल.” अक्का ऐकत होत्या, मान हलवत होत्या, आणि मधूनच सवयीनं सुटायच्या, तेव्हा अण्णा तळवा खाली करायचे आणि त्या थांबायच्या. एकदा तर दोघंही हसले.

ते गेले. रिक्षाचा आवाज लांब गेला.

श्रेयांका अजून भिंतीलाच होती. घड्याळात चार वाजून गेले होते.

“बाई,” ती म्हणाली, “चुकलं माझं.”

“हं.”

“कळलं मला. मी नाशिकला जाते.”

बाईंनी वर पाहिलं. “हे कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगायला पाहिजे? आत्ता बघितलं ना. हळद आणि हळू. मराठी कान असल्याशिवाय हे कळणार नाही. बंगळूरला असा पेशंट मला कुठं मिळणार? तुम्हाला हेच दाखवायचं होतं. म्हणून बसवलंत.”

बाई उठल्या. खुर्चीचा आधार घेऊन उठल्या, पण ताठ उभ्या राहिल्या.

“मला दाखवायचं होतं?” त्या म्हणाल्या. “शिवगोंडा बिरनाळे तुझ्या अॅडमिशनसाठी आजारी पडलेत का?”

“तसं नाही म्हणाले मी...”

“तो माणूस इतके महिने एक शब्द सांगतोय. घरची ऐकत नाहीत, दारची ऐकत नाहीत. आज कसाबसा सांगितला त्यानं. आणि तो दारातून बाहेर पडतो न पडतो, तोवर तू त्याचं उत्तर करून खिशात घातलंस!”

“मग मी काय करू?” श्रेयांकाचा आवाज चढला. “तुम्ही सांगत नाही. सांगितलं नाही म्हणून मी ओळखायला जाते, तर तेही चूक! पप्पांनी सांगितलं तर पप्पांचं उत्तर, दादानं सांगितलं तर दादाचं. मी पहिली आले ना? मग मला का येत नाही हे एवढं?”

“...”

“बोला की!”

बाई पुन्हा बसल्या. हात मांडीवर ठेवले.

श्रेयांकानं पर्स उचलली. दारापर्यंत गेली. उंबऱ्याशी थांबली.

“मला...” ती म्हणाली.

पंखा फिरत होता.

“मला वाटतं की... नाही. तसं नाही.”

बाई हलल्या नाहीत.

“मालनबाई,” श्रेयांका म्हणाली.

हे नाव बाईंनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी विचारलं नाही, कोण म्हणून.

“इंटर्नशिपला होते तेव्हा. वॉर्डात. झटक्याची केस. मी बोलण्याचा सराव घ्यायला जायचे. त्यांची सून बशीतून चहा पाजायची. चहा प्यायल्या की त्यांचा आवाज ओला व्हायचा, बाई. घशात पाणी खुळखुळल्यासारखा. मला ऐकू यायचं. घोट अन्ननलिकेत जात नव्हता, श्वासनलिकेत जात होता.”

ती थांबली.

“मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही बोलायला शिकवा मॅडम, खाण्यापिण्याचं आम्ही बघतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. तर सगळ्या वॉर्डासमोर म्हणाले, पुरावा काय? माझ्याकडं काय पुरावा होता? कान! कानावर कोण विश्वास ठेवतो? मी सुनेला म्हटलं, चहा देऊ नका. ती म्हणाली, डॉक्टर द्या म्हणतात, तुम्ही कोण?”

“...”

“न्यूमोनिया झाला. गेल्या.”

श्रेयांका आता रडत होती, पण थांबत नव्हती.

“त्यांना तोंडानं काही देऊ नका, हे म्हणायला मी कोण होते? कुणीच नव्हते. बंगळूरला गिळण्याची लॅब आहे. एक्स-रेच्या पडद्यावर घास जाताना दिसतो. सरळ दिसतो, इकडं गेला की तिकडं गेला. मला तो बघायला शिकायचंय. तो पडदा मला त्या डॉक्टरच्या नाकासमोर धरायचाय. आपल्याकडं असं किती जणांना चहा पाजतात आणि न्यूमोनिया झाला म्हणून सोडून देतात, कुणाला माहीत तरी आहे का? मला राग येतोय, बाई! वर्ष झालं, रोज येतोय!”

“हं.”

“मला बंगळूरला जायचंय. दादा म्हणतो त्या नावासाठी नाही. लॅबसाठी. तिथं मराठी पेशंट नसतील तर नसतील, मी शिकून इकडंच येणार आहे, घसा काय भाषा विचारून गिळतो का?” ती एकदम थांबली. मग खाली बघत म्हणाली, “तुम्ही सगळा जन्म लोकांना बोलतं केलंत. मी बोलणं सोडून गिळणं शिकायला निघाले, तर तुम्हाला वाईट वाटेल असं वाटायचं. म्हणून मनातसुद्धा धड आणलं नव्हतं.”

बाईंनी माठातून पाणी आणलं. तिच्या हातात दिलं. ती पिईपर्यंत उभ्या राहिल्या.

मग श्रेयांकानं तिथंच उभ्या उभ्या फोन काढला. बंगळूरची जागा पक्की केली, नाशिकची सोडली. वडिलांना फोन लावला. पलीकडून ते काही बोलायला लागले, तेव्हा ती म्हणाली, “पप्पा, आधी माझं पूर्ण ऐकून घ्या.” ती बोलली. बराच वेळ बोलली. शेवटी वडील काय म्हणाले ते बाईंना ऐकू आलं नाही. पण तिनं डोळे पुसले आणि “बरं” म्हणाली.

निघताना ती बाईंच्या पाया पडली. फाटकाशी जाऊन परत वळली.

राग अजून पुरता गेला नव्हता.

“बाई, तुम्हाला सगळं ठाऊक होतं ना? मग मी इतक्यांदा विचारलं, तेव्हाच सांगून का टाकलं नाहीत?”

एस्तेरबाईंनी फाटकाची कडी लावून घेतली.

“मी नाशिक सांगणार होते,” त्या म्हणाल्या.