खारुटली आणि डोळे वटारणारी गल्ली

चिंचेच्या ढोलीत राहायची एक खारुटली. ढोलीत तिचं इवलंसं बाळ. बाळाला वाजली थंडी. कुडकुड कुडकुड!

खारुटलीने आणला कापसाचा बोळा. तेवढ्यात आला वारा. फुर्रर्र! बोळा उडाला. निंबादादा शिंप्याच्या खिडकीतून आत गेला. धाड! खिडकी बंद.

खारुटली निघाली. सुरसुर सुरसुर.

"निंबादादा, निंबादादा, खिडकी उघड!"

काचेतून एक डोळा दिसला. "कोण गं तू? का आलीस? मी नाही उघडणार! ती चहावाली काशीमावशी माझ्याकडे डोळे वटारून बघते. तिच्या मनात काहीतरी आहे! ती हसली, तर उघडेन."

सुरसुर सुरसुर.

"काशीमावशी, काशीमावशी, जरा हस!
निंबादादा खिडकी उघडेना,
माझा कापूस मिळेना,
बाळाची थंडी जाईना!"

मावशीने किटलीआडून बघितलं. "कोण गं तू? का आलीस? मी नाही हसणार! तो फुलवाला तुळशीदादा माझा चहा घेत नाही. त्याच्या मनात काहीतरी आहे! त्याने चहा घेतला, तर हसेन."

सुरसुर सुरसुर.

"तुळशीदादा, तुळशीदादा, चहा घे!
काशीमावशी हसेना,
निंबादादा खिडकी उघडेना,
माझा कापूस मिळेना,
बाळाची थंडी जाईना!"

दादाने टोपली जवळ ओढली. "कोण गं तू? का आलीस? मी नाही घेणार! ती बांगडीवाली हौसाताई माझी वेणी माळत नाही. तिच्या मनात काहीतरी आहे! तिने वेणी माळली, तर चहा घेईन."

सुरसुर सुरसुर.

"हौसाताई, हौसाताई, वेणी माळ!
तुळशीदादा चहा घेईना,
काशीमावशी हसेना,
निंबादादा खिडकी उघडेना,
माझा कापूस मिळेना,
बाळाची थंडी जाईना!"

"कोण गं तू? का आलीस?" हौसाताई म्हणाली. "मी इथे नवी. सगळे लांबूनच बघतात. बांगड्या भरायला कुणी हात देत नाही. कुणी हात दिला, तर माळेन."

हात? खारुटली घाबरली. ताईने पकडलं तर? शेपूट ओढलं तर? धडधड धडधड!

ढोलीतून आवाज आला, चीं चीं. बाळ रडत होतं.

खारुटली पुढे सरकली. अजून पुढे. तिने आपला इवलासा हात ताईच्या हातावर ठेवला.

ताईने पकडलं नाही. ओढलं नाही. तिचा हात ऊनऊन होता.

"अगं बाई, किती गार पडलीस!" ताई म्हणाली.

मग हौसाताईने वेणी माळली.
"शोभते हो, ताई!" म्हणत तुळशीदादाने चहा घेतला. भुर्रर्र भुर्रर्र!
"आलं मस्त लागतंय, मावशी!"
काशीमावशी हसली. खुदुखुदु खुदुखुदु!
"अरेच्चा, ही तर हसते!" निंबादादाने खिडकी उघडली. खटक्!

खारुटलीला कापूस मिळाला. निंबादादाने वर एक मऊ चिंधीही दिली.

बाळ कापसात शिरलं. थंडी पळाली.

खाली सगळे गप्पा मारत बसले. मोठमोठ्याने हसू लागले.

"हळू बोला रे," काशीमावशी म्हणाली. "वर बाळ झोपतंय."

मग अख्खी गल्ली हळूच हसली.