आईचं आतडं

“मग चुकलं कुठं, बाई? सांगा ना!”

विश्वजितनं आपल्या मार्गदर्शक टिळेकरबाईंना असं विचारणं हेच नवल. एरवी प्रयोगशाळेत तो कुणाला विचारत नसे, सांगतच असे. गडी हुशार, फक्त त्याला ते जरा जास्तच ठाऊक होतं.

त्याच्या आईला आतड्याचं दुखणं. कुठलंच औषध लागू पडेना. तपासणीत काढलेल्या कणभर तुकड्यातून त्यानं काडेपेटीएवढ्या डबीत, रबरासारख्या पडद्यावर, तिचं आतडं वाढवलं. पडद्याखाली तिच्याच रक्तातल्या राखणदार पेशी. वर तिच्याच पोटातले जंतू सोडायचे, बिघडवतंय कोण ते पाहायचं, मग औषध शोधायचं.

तीनदा सोडले. तीनदा जंतू माजले आणि तिसऱ्या दिवशी आतडं संपलं. आता गोठवलेल्या पेशींची एकच कुपी उरली होती.

“काय काय केलंस?” बाईंनी विचारलं.

“काही कमी केलं नाही. ऊब, अन्न, सगळं मोजून. डबीला धक्का लागू दिला नाही. पडदा ताणून-सोडून हलवत ठेवणारा पंपसुद्धा बंद ठेवला.”

“का?”

“फाटला तर?… आईचं आहे, बाई.”

बाई डबीवर वाकल्या.

तेवढ्यात विश्वजितचं पोट मोठ्यानं गुरगुरलं. बिचारा ओशाळला.

“सकाळपासून उपाशी?”

“हो.”

“आवाज कसला?”

“आतडं हलतंय.”

“पोटात काही नसताना?”

“ते हलतंच, बाई. हललं नाही तर सगळं जागीच साचतं, मग जंतू मा…”

तो थांबला. डबीकडे बघत राहिला.

बाईंनी आपला डबा त्याच्यापुढे सरकवला. “आधी खा.”

…

शेवटच्या कुपीतल्या पेशींनी पंधरवड्यात पडदा भरून टाकला. या खेपेला माघार नाही, असं विश्वजितनं सगळ्यांना बजावलं होतं. पंपाच्या बटणावर त्यानं बोट ठेवलं.

बोट तिथंच राहिलं.

“बाई… पिळवटून निघेल हो ते.”

बाईंनी त्याच्या बोटावर आपलं बोट ठेवलं आणि दाबलं.

“आईचं आतडं ना रे ते? न पिळवटता राहिलंय कधी?”