शेठ घाट उतरतात तेव्हा

कोल्हापूरच्या कुमुदिनीताईंना वडिलांच्या जुन्या मोटारीला डिस्क ब्रेक बसवायचे होते. लेकीला बाळंतपणासाठी कोकणातून आणायची होती, आणि जुने ब्रेक उतारावर नीट धरत नव्हते. दुकानात भूपालशेठनी तऱ्हेतऱ्हेच्या डिस्क पुढ्यात मांडल्या. ताई पार गोंधळल्या.

"यातली आमच्या गाडीला कुठली बसेल हो?"

"बाईमाणसानं कशाला डोकं शिणवायचं? ही महागातली न्या. कुठल्याही गाडीला चालते!" शेठ हसले.

ताईंनी ती डिस्क निरखून पाहिली. मग म्हणाल्या, "बरं, हीच बसवा. उद्या आंबा घाट उतरताना तुम्ही माझ्या शेजारी बसा. तुमच्या घरून वहिनींनाही मागं घेऊ."

शेठचं हसू मावळलं. त्यांनी डिस्क गुपचूप फळीवर ठेवली.

"ताई, गाडी कुठं लावलीय? आधी चाक काढून माप घेतो."