कोरड्या पंपाचा ब्लॉग

आरं, ब्लॉगाला चावडीवरच्या गप्पा म्हणणारा तो प्रधानसाहेब कोण टिकोजीराव लागून गेला? सुदामा, तुला सांगतो, आमच्या वस्तीवर त्याची कशी जिरली!

सरकारनं आम्हाला पाण्याचा पंप दिला. योजना कशी चाललीया ते तपासाय हा साहेब आला, संगं हाताखालची इंदुमती. साहेबानं जाडजूड अहवाल लिहिला, पंप झकास हाय म्हणून. पोरीनं ब्लॉगावर कोरड्या पंपाचा फोटू टाकला आन खाली आमच्या बायांची गाऱ्हाणी, त्यांच्याच बोलीत. ते वाचून तालुक्याचा इंजिनेर नवी बोर मारायची जागा बघाय धावत आला!

साहेब खवळला. भर ग्रामसभेत इंजिनेरासमोर गरजला, "इंदुमती, तो ब्लॉग आत्ताच्या आत्ता पुसून टाक! अडाणी बायकांची बडबड म्हणजे पुरावा नव्हे. माझ्या अहवालाला दोनशे जणांचे अंगठे आहेत!"

माझं तर डोकंच फिरलं. ब्लॉग पुसला की बोरबी गेली! मी उठणार, तवर पोरगीच बोलली, "सर, त्यात याच बायकांचे अंगठे आहेत. अंगठा दिला तेव्हा त्या शहाण्या, आणि तोंड उघडल्यावर अडाणी?"

आरं, सभा हसून हसून लोळली! इंजिनेरानं तिथंच बोरीची जागा आखली.

तुमच्या वस्तीचा पंपबी कोरडाच हाय न्हवं? मग माझ्या तोंडाकडं काय बघतोस? काढ मोबाईल आन लिही.