सूर्याची साखळी

एका राज्यात सूर्य अधूनमधून खवळत असे. त्याच्या कडेवरून ज्वाळा उसळत आणि त्या दिवशी पाखरं वाट चुकत, जहाजांवरची होकायंत्रं भलतीच दिशा दाखवत. अशाच एका दिवशी युवराज जयकेतूचं जहाज खडकावर आपटून बुडालं.

राजा चंद्रवर्मा दुःखानं वेडापिसा झाला. त्यानं कालदंत मांत्रिकाला बोलावलं. कालदंतानं राजवाड्यातले सारे अश्रू गोळा केले, त्यांची साखळी घडवली आणि सूर्याला उदयगिरीच्या शिखराशी जखडलं. सूर्य तिथंच फिकट होऊन लटकला.

ज्वाळा थांबल्या. पण कणसांत दाणा भरेना, अंड्यांतून पिल्लं निघेनात, तान्ह्या मुलांची हाडं मऊ पडू लागली.

जयकेतूची बहीण विभावती दरबारात आली. "तात, सूर्याला सोडवा."

"ज्यानं माझा मुलगा नेला, त्याला मी सोडणार नाही."

"मग मी सोडवते," ती म्हणाली आणि तशीच निघाली.

उदयगिरीच्या पायथ्याशी एक म्हातारा करकोचा उभा होता. तो बोलला, "राजकन्ये, गोठलेली नदी अनवाणी ओलांड. वाटेत ओळखीची हाक येईल, वळून पाहू नकोस. साखळी बळानं तुटणार नाही. तिच्यात तुझ्याही अश्रूंची कडी आहे. ती हाती धरून सूर्याला मनापासून मोकळं कर."

नदी ओलांडताना तिचे तळवे फाटले. चढणीवर मागून जयकेतूचा आवाज आला, "विभे, थांब गं. मला फार थंडी वाजते." तिचे डोळे भरून आले, पण तिनं दात आवळले आणि ती चढत राहिली.

शिखरावर कालदंत बंदिवान सूर्यापाशी शेकत बसला होता. "हा सुटला की पुन्हा खवळेल," तो म्हणाला. "पुन्हा कुणाचा तरी भाऊ जाईल."

"ठाऊक आहे मला."

तिनं आपली कडी धरली. ओठ उघडले, शब्द फुटेना. पुन्हा उघडले, हुंदकाच आला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "सूर्यनारायणा, तू माझा भाऊ नेलास. ते मी विसरणार नाही. तरी तू मोकळा हो."

कडी उघडली, साखळी गळून पडली. सूर्यातून एक ज्वाळा उसळली आणि कालदंताची राख झाली.

सूर्य पुन्हा उगवू-मावळू लागला. शेतं पिवळी झाली, घरट्यांत चिवचिवाट झाला. राजानं दवंडी पिटवली, की सूर्य खवळेल त्या दिवशी एकही नाव समुद्रात जाणार नाही, आणि जी बाहेर असेल तिच्यासाठी कड्यावर जाळ पेटेल. पहिला जाळ त्यानं स्वतःच्या हातानं पेटवला. विभावती त्याच्याशेजारी लाकडं रचत होती.

त्या राज्यातली कणसं भरली, तशी ऐकणाऱ्यांचीही भरोत.