चिखलात उमटलेले पाऊल

एका जंगलात एक वाघ राहत असे. त्याच्या दरीतल्या तळ्याला भर उन्हाळ्यातही पाणी असे. तळ्याचा बांध फुटू नये म्हणून एक गाढव नऊ वर्षे पाठीवरून दगड वाहत होते. मोबदला एवढाच, की उन्हाळ्यात त्याने तिथले पाणी प्यावे. रोज सकाळी वाघाच्या गुहेपुढच्या ओल्या चिखलात पाऊल उमटवायचे, ही त्याची हजेरी. आणि बरं का मुलांनो, त्या जंगलाचा एक चांगला कायदाही होता. कुणाला कामावरून काढायचे, तर आधी जांभळाखाली सगळ्यांसमोर त्याचे म्हणणे ऐकायचे आणि त्याला एक सोबती बरोबर आणू द्यायचा.

गाढव म्हातारे झाले, तसे ते वाघाच्या डोळ्यांत सलू लागले. मग एका सकाळी कारभारी कोल्ह्याने हजेरीच्या चिखलात नखाने एक ओळ कोरून ठेवली.

"कोल्हेदादा, हे काय लिहिलंय?" गाढवाने विचारले.

"काही नाही रे, नवी पद्धत आहे. उमटव पाऊल, उशीर होतोय."

फांदीवरून कावळा ओरडला, "अरे, त्या म्हशीला विचार! तिला वाचता येतं."

चिखल तुडवून बांध लिंपणारी म्हैस गाढवाच्या मागेच रांगेत उभी होती. तिने ती ओळ केव्हाच वाचली होती. पण कोल्ह्याने तिच्याकडे पाहिले आणि ती मान खाली घालून रवंथ करू लागली.

"जाऊ दे. नऊ वर्षांत काही विचारलं नाही, आता विचारलं तर मालकांना वाईट वाटेल," असे म्हणून त्या बिचाऱ्याने पाऊल उमटवले. चिखलात लिहिले होते : 'मी माझ्या मर्जीने काम सोडत आहे.' गाढव भोळे होते, हे खरेच. पण मला राग येतो तो म्हशीचा.

दुपारी कोल्ह्याने गाढवाला तळ्यावरून हाकलले. ते जांभळाखाली गेले. तिथे न्याय करणाऱ्या हत्तीने विचारले, "पाऊल तुझंच ना?" गाढव म्हणाले, "माझंच." "मग आता आम्ही काय ऐकायचं?" गाढवाने म्हशीला साक्षीला बोलावले, ती आली नाही. भर उन्हाळा होता, पाण्यासाठी आता नदीच उरली होती, आणि ती तीन दिवसांच्या वाटेवर होती. गाढव दुसऱ्या दिवशी वाटेतच पडले, ते पुन्हा उठले नाही.

आठवड्याने कोल्ह्याने तीच ओळ म्हशीसाठी कोरली. म्हैस पाऊल मागे घेत म्हणाली, "मी नाही उमटवणार. आधी जांभळाखाली चल. मी सोबती आणीन."

"आण की," कोल्हा हसून म्हणाला. "कोण आहे तुझा सोबती?"

म्हशीने मागे वळून पाहिले. रांगेत सायाळ होते, रानडुक्कर होते, वानर होते. सगळे मान खाली घालून उभे होते. बाजूला गाढवाचे पाऊल चिखलात वाळून कडक झाले होते.

तात्पर्य : दुसऱ्याच्या हक्कासाठी जो तोंड उघडत नाही, त्याच्या हक्काच्या वेळी कायदा असतो, पण सोबती नसतो.